ओवाळणीचे पैसे

आमच्या घरात बाई कमावते आणि बाप्या लेकरू सांभाळतो. सून सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मुलगा नवीन जालन्यात एका बियाण्याच्या दुकानात बिलं लिहायचा. नात झाली ती वजनाला कमी, सारखी आजारी पडणारी. माझे गुडघे गेलेले, तिच्यामागं मला पळता येत नाही. मग घरी कुणी थांबायचं? ज्याचा पगार कमी त्यानं, असं मीच म्हणाले. कमी लेकाचा होता. दोघांनाही ते पटलं. शेजारच्या बायकांना नाही पटलं, पण रात्री उठून आमच्या पोरीला दूध पाजायला त्या येणार नव्हत्या.

याला दोन वर्षं झाली. पोरगी गुबगुबीत झाली, मुलगा मात्र आक्रसत गेला. बँकेचं कार्ड त्याच्याच जवळ असतं. दूध, भाजी, गॅस, पोरीचं औषध सगळं तोच आणतो. पण स्वतःसाठी काही नाही. चप्पल तुटली तर तार ओवून घातली. मी बघत होते आणि मला ते ओळखीचं वाटत होतं.

माझा नवरा अंकुशनगरला साखर कारखान्यावर होता. पगार झाला की पाकीट आधी देवापुढं ठेवायचा, कुंकू लावायचा, हात जोडायचा आणि उचलून आतल्या खिशात घालायचा. देवाला नुसता वास मिळायचा. मला लागले की मागायचे. तो कधी नाही म्हणाला नाही, पण द्यायच्या आधी दर वेळी विचारायचा, "कशाला?" बांगड्या भरायला, म्हणायचं. माहेरी जायला, म्हणायचं. माणूस वाईट नव्हता. पण जन्मभर त्या एका शब्दाला उत्तर देत बसलं की बाई मागायच्या आधीच आपली गरज मोडून टाकते. माझा लेक तेच करत होता, आणि त्याला तर कुणी 'कशाला' विचारतही नव्हतं.

मागच्या भाऊबीजेला माझी लेक वाटूरहून आली होती. त्यानं तिच्या ताटात नोट टाकली. निघताना तिनं ती नोट आमच्या पोरीच्या मुठीत कोंबली. भावाला पगार नाही, म्हणून तिनं मायेनंच केलं. पण तो तिला एसटीत बसवून आला आणि जेवला नाही.

यंदा दिवाळी जवळ आली तसा तो म्हणाला, "माय, मी अंकुशनगरला चाललोय. कारखाना सुरू झाला. ओळखीचा माणूस हाये, महिनाभर उसाच्या वजनकाट्यावर लिहायचं काम देतो म्हणला."

"आन् भाऊबीज?"

"यंदा न्हाई. पुढच्या साली टाकीन तिला ओवाळणी, माझ्या पैशाची."

"आन् पोरगी?"

"तू हाईस ना."

"हाये ना. पळाली की मी हितूनच हाक मारीन. आली तर आली."

तो हसला नाही. सून आतल्या खोलीत होती, तिच्या कानावर हे गेलं. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येताना तिनं नणंदेसाठी साडी आणली. त्याच्यापुढं ठेवून म्हणाली, "ही ताईंची ओवाळणी. तुम्ही काळजीच करू नका."

तो म्हणाला, "रंग चांगला आहे." आणि पिशवीत आपले कपडे भरायला लागला.

तो पोरीला घेऊन खाली गेला तेव्हा मी सुनेला म्हणाले, "तू त्याचं देणं बी काढून घेतलंस."

ती चिडली. आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते. "आत्या, मंग मी करू तरी काय? कार्ड त्यांच्याजवळ, नंबर त्यांना माहीत. मी कधी हिशेब मागितला का?"

"न्हाई मागितला. पण त्यानं पैसे काढले की मोबाइल कुणाचा वाजतो?"

ती म्हणाली, "मी ते मेसेज बघत बी न्हाई."

"तू बघत न्हाईस. तो वाजतो हे त्याला ठाऊक असतं. एक कप चहा प्यायला तरी तुझ्या पर्सपर्यंत आवाज जातो."

ती बराच वेळ लसूण सोलत बसली. नर्सबाई आहे, तिला एकदा दुखणं कुठं आहे ते कळलं की ती बोलण्यात वेळ घालवत नाही. म्हणाली, "मामंजी पगार देवापुढं ठेवायचे, असं तुम्ही सांगता ना?"

"ठेवायचे. आन् उचलायचे बी."

"आपल्याकडं ठेवीन मी. वाटायचे तुम्ही."

दिवाळीआधी पगार झाला. घरखर्चाचे तिनं बँकेतच राहू दिले, बाकीच्या नोटा आणल्या आणि देवापुढं ठेवल्या. कुंकू लावलं. मी त्याचे तीन सारखे वाटे केले. पहिला मीच उचलला. म्हातारीनं आधी घेतलं म्हणजे दुसऱ्याला लाजायला जागा राहत नाही, आणि खरं सांगायचं तर मला पण हवे होते. या वयात पहिल्यांदा न मागता पैसे हातात आले. दुसरा वाटा सुनेनं उचलला. तिसरा तसाच पडून राहिला.

"उचल," मी लेकाला म्हणाले.

"मी काय केलं याच्यासाठी?"

"दोन वर्षं पोरीचं ढुंगण धुतलंस. आणखी काय करायचं असतं?"

सून हसली. तो नाही हसला. म्हणाला, "लोकं म्हणतील बायकोचे हाएत."

सून म्हणाली, "अहो, तुम्ही घरी आहात म्हणून मी ड्युटीला जाते. पोरीला ताप आला आन् तुम्ही नसलात, तर मी जाईन का? मंग पगार येईल का?" आणि भाजी फोडणीला टाकायला निघून गेली. तिला लांबण लावता येत नाही, हे तिचं मला आवडतं.

त्यानं पैसे उचलले. पिशवीतले कपडे परत खुंटीवर आले. साडी मी ठेवून घेतली. तो रंग मलाही चांगला दिसतो.

भाऊबीजेला सून सकाळच्या ड्युटीवर होती. लेक आली, तिनं भावाला पाटावर बसवलं, ओवाळलं. त्यानं खिशात हात घातला आणि ताटात नोटा टाकल्या. किती ते मी बघितलं नाही. लेकीनं बघितलं.

"एवढेच का, दादा? वाटूरहून यायला-जायला एवढे लागतात."

"मंग चालत यायचं ना."

"पुढच्या साली चालतच येते. सगळ्या सासरला संगं घेऊन. आठ दिवस ऱ्हाऊ आम्ही."

त्यानं आणखी एक नोट टाकली. "हे घे, पण त्यांना तिकडंच ठेव."

नंतर ती स्वयंपाकघरात माझ्यामागं आली. हळूच म्हणाली, "माय, वहिनीचे ना हे?"

"तुझ्या भावाचे."

"खरं?"

"तुझ्याशी खोटं बोलून मला काय मिळणार?"

तिनं नोटा पर्समध्ये घातल्या आणि चेन लावली.

सून अंधार पडल्यावर आली. एक बाई रजेवर, म्हणून हिला थांबावं लागलं होतं. तिचा भाऊ दवाखान्यातच आला होता. नर्सांच्या खोलीत औषधाच्या ट्रेमध्ये दिवा ठेवून तिनं त्याला ओवाळलं. हातपाय धुऊन तिनं त्याची ओवाळणी पर्समधून काढली आणि देवापुढं ठेवायला लागली.

"ती नको ठेवू," मी म्हणाले.

"का, आत्या? आता सगळंच इथं ठेवायचं ना?"

"पगार ठेवायचा. हे तुझ्या भावानं तुला दिलंय. ह्यात आमचा वाटा न्हाई. माझ्या भावाची ओवाळणी जन्मभर घरातच मुरली, मला कुणी उचल म्हणलं न्हाई. तू उचल."

तिनं उचलली. आभार मानायची आमच्यात पद्धत नाही, मला ते जमतही नाही. मी भिंतीला धरून उठले, तवा ठेवला आणि तिला गरम भाकरी थापली.