मागची विहीर कुठं गेली?

मंडळी, प्रवासाला दोनच प्राइम लेन्स न्यायच्या आहेत. पस्तीस एमएमची पक्की आहे. सोबत लांबून फोटो काढायला पंच्याऐंशीची घ्यावी का, हे बघायला आज निलंग्याच्या रस्त्यावर थांबलो आणि हरभरा काढणाऱ्या एका मावशींचा लांबूनच फोटो घेतला.

त्या विळा घेऊनच आल्या. "काय मोजायलाव? मागं असेच सर्वेवाले आले, अन् रस्त्यात आमचा तुकडा गेला."

"मोजत नाही मावशी, फोटो आहे," म्हणत मी स्क्रीन दाखवली.

"मग मागची हिर कुठाय? मुद्दाम पुसलाव ना? हिर न्हाई म्हणलं की कोरडवाहूचा भाव देतेत!"

पंच्याऐंशीच्या लेन्सनं मागची विहीर धूसर केली होती. तसं सांगितलं, पण त्यांना पटलं नाही. तो फोटो त्यांच्यासमोर डिलीट केला, पस्तीसची लेन्स लावली आणि जवळ जाऊन पुन्हा काढला. विहीर स्वच्छ आली.

"हां, आता हाय. पर तुम्ही सर्वेवाले न्हाईत कशावरून?"

त्यांनी मोबाईल काढला, मला विहिरीपाशी उभं केलं आणि माझाच फोटो घेतला. "उद्या मोजणीचे दगड रोवाया आलाव, तर दाखवाया असू द्या."

पंच्याऐंशीची लेन्स घरीच ठेवतोय. तुम्ही अनोळखी माणसाचा फोटो किती लांबून काढता?