थंडी म्हणेल त्याचा नाश्ता

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या बाइकवाल्यांच्या टोळक्यात ते बुटातल्या वाळूसारखे साठतात. शनिवारी पहाटे झटकून निघावं, तर घरी येईपर्यंत पुन्हा भरलेले!

दुबईत थंडी वाजते असं सांगितलं की गावाकडचे फोनवर खो खो हसतात. माझा सख्खा भाऊ म्हणतो, "तुझं डोकं उन्हानं गेलंय." बाबा रे, जानेवारीत एकदा पहाटे ये. शारजाहून बाइक काढ, वाळवंटातून रास अल खैमाच्या डोंगराकडे चल. हेल्मेटच्या फटीतून वारा शिरला आणि कान आहेत की गेले ते हाताने चाचपून पाहावं लागलं, की मग बोलू!

आमचं टोळकं लहान. मी एसी मेंटेनन्सवाला, म्हणजे पोटासाठी लोकांना गारवा विकणारा. दिगंबर ऊर्फ दिगू, माण तालुक्यातला, अबू धाबीकडच्या मुसफ्फातल्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये वेल्डर. वृंदा मॅडम, दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत राहतात, शाळेत फिजिक्स शिकवतात. आणि सगळ्यांचे उस्ताद अन्वरभाई. मूळ दापोलीकडचे, शारजाच्या रोल्ला भागात मसाल्याचं दुकान, साठी उलटलेली, आणि बाइकवर बसले की पाठ अशी ताठ की बघत राहावं.

नियम अन्वरभाईंनीच केला. पूर्वी एक मेंबर होता, तो डोंगरापर्यंत एकच रडगाणं गायचा, "थंडी, थंडी, थंडी!" अन्वरभाई वैतागले. म्हणाले, "खलास! आजपासून हा शब्द बंद. मराठी, हिंदी, इंग्लिश, अरबी, कुठल्याच भाषेत नाही. जो बोलेल त्याने पुढच्या राइडला सगळ्यांचा नाश्ता घरून करून आणायचा!"

तो मेंबर महिन्याभरात टोळकं सोडून गेला. नियम राहिला.

*

त्या नियमाखाली आम्ही सगळे कधी ना कधी भरडलो गेलो. माझ्या उपम्याची आठवण लोक अजून काढतात, चांगल्या अर्थाने नाही. दिगूने लेबर कॅम्पच्या किचनमध्ये पोहे केले तेव्हा त्याच्या खोलीतल्या सगळ्यांनीच ते खाल्ले आणि आमच्यापर्यंत फक्त शेंगदाणे पोचले!

हरले नाहीत ते एकटे अन्वरभाई. इतक्या हिवाळ्यांत एकदाही नाही! आणि या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान. या मार्चमध्ये दुकान भाच्याला देऊन ते कायमचे दापोलीला निघाले होते. म्हणायचे, "इथून सोनंनाणं काय नेणार? नातवंडांना एवढं सांगेन, तुमचा आजा कधी हरला नाही."

आम्ही तिघांनी मात्र शपथ घेतली होती. जाण्याआधी अन्वरभाईंच्या हातचा नाश्ता खायचाच!

*

आधी दिगूचं सांगतो. बोटं गारठतात म्हणून हा पठ्ठ्या एकदा वर्कशॉपमधले वेल्डिंगचे हातमोजे घालून आला. कोपरापर्यंत चामडं! वारा काय, वीज पडली तरी आत जायची नाही.

धैद गावापाशी त्याने उजवा इंडिकेटर दिला. वळलो. त्यानंतर तो इंडिकेटर बंद होईना. अख्ख्या हायवेवर लुकलुक, लुकलुक. मागच्या गाड्या बिचाऱ्या आदबीने वाट बघतायत, हा आत्ता वळेल, मग वळेल.

शेवटी अन्वरभाई बाजूला गेले आणि ओरडले, "दिगू, अरे वळणार कधी?"

"वळायचं न्हाई वो! बटण कुठं हाय तेच हाताला लागंना!"

*

माझी युक्ती त्याहून स्वस्त. छातीला कागद लावला की वारा लागत नाही, हे मला लहानपणापासून माहीत. पण इथे घरात पेपर येतो कुणाच्या? येतात ती हायपरमार्केटची ऑफरची पत्रकं, दाराच्या मुठीला अडकवलेली. आठवडाभराची जमवली आणि जॅकेटच्या आत कोंबली. काय ऊब! छातीवर कांदे, पाठीवर डायपर!

करक चहाच्या टपरीवर थांबलो. झिप उघडली आणि सगळी पत्रकं भुईवर. चहावाला मल्याळी चाचा बाहेर आला, एक उचललं, उलटंपालटं करून वाचलं, आणि फार हळहळून मला म्हणाला, "भाई, ये तेल का ऑफर तो कल खतम हो गया."

*

वृंदा मॅडमची गोष्ट वेगळी. चाळिशीत त्यांनी बाइकचं लायसन्स काढलं. टेस्टमध्ये किती वेळा नापास झाल्या ते त्या सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. पहिल्याच राइडला पंधरा मिनिटांत बोलून गेल्या, "बाई गं, काय थंडी!" पुढच्या शनिवारी डबाभर साबुदाणा खिचडी आणावी लागली. ती खाता खाता दिगू चेष्टेने म्हणाला, "मॅडम, तुमाला आपली कारच बरी."

झालं! तेव्हापासून या बाईने तोंडातून तो शब्द काढला नाही. हेल्मेटच्या आत माकडटोपी घालतील, मोज्यांवर मोजे चढवतील, पण बोलणार नाहीत. एकदा टपरीवर त्यांच्या हातातला कप बशीवर टकटक वाजत होता. दिगू म्हणाला, "मॅडम, काय झालं?"

"काही नाही. ताल धरलाय."

घरी पोचल्यावर मुलीने दार उघडलं. "ममा, युअर लिप्स आर ब्लू!"

"नवीन लिपस्टिक आहे," मॅडम म्हणाल्या आणि सरळ गीझरकडे गेल्या.

दोनदा तर डोंगराच्या पायथ्यापासून परत फिरल्या. एकदा म्हणे गॅस चालू राहिला, एकदा म्हणे पालकसभा आहे. शनिवारी! वरपर्यंत पोचायचं त्यांचं राहूनच जात होतं. तरी पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी हजर. मला या बाईचं मनापासून कौतुक आहे. मी असतो तर बाइक विकून हीटर घेतला असता.

*

अन्वरभाईंना हरवायला आम्ही काय काय केलं! पेट्रोल पंपावर दिगूने साळसूदपणे विचारलं, "अन्वरभाई, काय पिणार?" आम्ही कान टवकारले. आता म्हणतील, कोल्ड ड्रिंक!

"फ्रिजमधलं काहीतरी आण," अन्वरभाई म्हणाले.

मग मॅडमनी आपलं शिक्षकी अस्त्र काढलं. "अन्वरभाई, एक साधा प्रश्न. हिवाळा म्हणजे काय?"

अन्वरभाईंनी क्षणभर समुद्राच्या दिशेला पाहिलं. "हिवाळा म्हणजे आंब्याला मोहोर येतो तो टाइम."

पुढचा प्रश्न विचारायचं मॅडमच्या लक्षातच राहिलं नाही.

*

त्यांचं गुपित आम्हाला फार उशिरा कळलं. पंपाजवळच्या मशिदीत ते फजरच्या नमाजाला गेले, तेव्हा जॅकेट बाइकवर काढून ठेवलेलं. त्याच्या आत एक बंडी. गोधडीची! जुन्या साड्या आणि लुंग्या एकावर एक घालून त्यांच्या बायकोने, झुबेदाभाभींनी, गावाकडे हाताने शिवलेली, बारीक धावदोऱ्याची. अशी दाट की हातात धरली तरी घाम फुटावा.

दिगूचे डोळे चमकले. बंडी उचलली आणि आपल्या जॅकेटच्या आत घातली. आता बघू म्हातारा कसा बोलत नाही ते!

अन्वरभाई आले. जॅकेट चढवलं, बंडी नाही हे कळलंच असणार, पण चकार शब्द न काढता बाइकला किक मारली. त्या पहाटे वारा असा की माझ्या डोळ्यांतून पाणी. पुढच्या थांब्यावर उतरले तेव्हा त्यांचे ओठ थरथरत होते, आणि हात चहाच्या कपाभोवती नीट बसत नव्हते.

"कसं काय अन्वरभाई?" मी विचारलं.

"मस्त. आज हवा मोकळी आहे."

दिगू मात्र घामाने डबडबलेला. त्याने झिप खाली ओढली, बंडी काढली आणि त्यांच्या पायाशी ठेवली. "घ्या अन्वरभाई, चुकलं माजं. आत भट्टी हाय नुसती, त्यापरास मुसफ्फा बरं!"

अन्वरभाई इतके हसले की चहा सांडला. ओरडले नाहीत, चिडले नाहीत. असा माणूस आता जाणार म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा मला खरंच वाईट वाटलं.

*

आणि मग फेब्रुवारीतली राइड. अन्वरभाईंची डोंगरावरची शेवटची. जेबेल जैसच्या अगदी वरपर्यंत जायचं ठरलेलं. मॅडमनी आधीच जाहीर केलं होतं, "आज काहीही झालं तरी मी वर जाणार. नाहीतर बाइक विकणार!"

पायथ्याच्या पंपावर थांबलो. वर ढग, खाली वारा. मॅडमनी "ओके" म्हणून अंगठा दाखवला, तो धड सरळही होईना. अन्वरभाईंनी बंडी काढायला घेतली. "बेटा, ही घाल."

"माझ्यावर दया नको, अन्वरभाई. मी फर्स्ट क्लास आहे."

"बरं," ते म्हणाले. "यल्ला, चला."

अन्वरभाई पुढे, त्यांच्या मागे मॅडम, मग दिगू, शेवटी मी. वळणं सुरू झाली. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर मॅडमचा ब्रेक उशिरा लागला. त्यापुढच्या वळणावर बाइक रुंद गेली, कठड्याच्या जरा जास्तच जवळ. बोटं लिव्हरवर वळत नव्हती हे मला मागून दिसत होतं. पण या बाईला थांबा म्हणणार कोण? थांबवलं असतं तर ती पुन्हा डोंगराकडे फिरकली नसती.

तेवढ्यात पुढे अन्वरभाईंचा हात वर झाला. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत त्यांनी बाइक घेतली आणि स्टँडला लावली. आम्ही मागोमाग थांबलो. त्यांनी हेल्मेट काढलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"बाबांनो, जरा थांबू या. मला थंडी वाजते आहे!"

दिगूचं तोंड उघडं ते उघडंच.

मग मॅडम किंचाळल्या. "हरले! अन्वरभाई हरले! नाश्ता! नाश्ता!" दात वाजतायत, बोटं वाकडी, आणि बाई रस्त्याकडेला उड्या मारतायत! उड्या मारून मारून गालांवर रंग आला. दिगूने थर्मास उघडला. समोरच्या कड्यावर ऊन उतरायला लागलं होतं. मॅडमनी दोन्ही हातांनी कप धरून चहा घेतला, मग दुसरा घेतला. बोटं उघडून मिटून बघितली.

"आता चला वर!"

"थांब. हरलेल्याने जिंकलेल्याला काहीतरी द्यायला पाहिजे," अन्वरभाई म्हणाले. त्यांनी जॅकेट उघडलं, बंडी काढली आणि मॅडमपुढे धरली. "ही घे, तुझी ट्रॉफी."

या वेळी मॅडमनी ती झडप घालून घेतली. स्वेटरवर चढवली, वर जॅकेट, झिप हनुवटीपर्यंत. मग मानेपाशी बोट घालून म्हणाल्या, "अन्वरभाई, ही कॉलरपाशी ओली का लागतेय?"

दिगू काहीतरी बोलायला गेला. अन्वरभाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"दव पडतं बेटा डोंगरावर," ते म्हणाले, आणि पातळ जॅकेटची झिप लावून त्यांनी हेल्मेट घातलं.