उजव्या बाजूचा लगाम

"उलटा घाल," पियानो शिकवणारे मास्तर म्हणाले. "डावा उजव्या कानावर, उजवा डाव्यावर."

ठिणगी हेडफोन हातात धरून नुसती बघत राहिली. तिच्या घरात हेडफोन उलटा घालणं म्हणजे चपलेसकट ताटात पाय ठेवण्यासारखं होतं. दादाने घरातल्या प्रत्येक हेडफोनच्या डाव्या बाजूला लाल दोरा गुंडाळला होता. कुणी चुकून उलटा चढवला की तो सरळ डोक्यावरून उपटून घ्यायचा. "ज्याने रेकॉर्ड केलं त्याने डावं डावीकडे ठेवलं ते काय गंमत म्हणून?" असं वर ऐकवायचा.

आणि ठिणगी इथे भांडायला आली होती, असल्या खेळांसाठी नाही. मास्तरांनी निरोप धाडला होता की कानसेनने, म्हणजे दादाने, बनवून दिलेल्या गाण्यांच्या प्लेअरमधून डावीकडे जास्त आवाज येतो. निरोप दादाच्या हाती लागायच्या आत तिने पायात चपला अडकवल्या होत्या. अशी तक्रार करणारे मास्तर तिसरे. पहिली ती औषधाच्या दुकानातली बाई. तिला ठिणगी म्हणाली होती, कानातला मळ काढा. दुसरा बसचा ड्रायव्हर. त्याला म्हणाली, दिवसभर हॉर्न वाजवल्यावर दुसरं काय होणार. दोघेही गप्प बसले. कानसेनच्या कानावर शंका घ्यायची म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं, असंच सगळ्या वस्तीला वाटायचं.

मास्तर मात्र गप्प बसले नाहीत, आणि चिडलेही नाहीत. त्यांनी आधी स्वतःच्या जुन्या मशीनवर पियानोचा एकच सूर लावला. "हा मी एकाच माइकवर घेतलाय. म्हणजे दोन्हीकडे सारखाच यायला हवा. कुठे येतोय?"

"मधोमध," ठिणगी म्हणाली.

मग त्याच हेडफोनची पिन काढून दादाच्या प्लेअरला लावली. "आता?"

सूर डावीकडे सरकला होता. थोडाथोडका नाही, कुणीतरी खुर्ची उचलून खिडकीपाशी नेऊन ठेवावी तसा. ठिणगीने हेडफोन काढून हातात घेतला. "माझे कान काय दादासारखे नाहीत. मला नाही कळत त्यातलं."

"म्हणून तर म्हणतोय, उलटा घाल. दोष कानात असेल तर हेडफोन फिरवला तरी आवाज त्याच बाजूला राहील. कान काय जागा बदलत नाहीत. मशीनमध्ये असेल तर आवाज पलीकडे जाईल."

तिने उलटा घातला. सूर टुणकन उजवीकडे गेला.

तिने पुन्हा सुलटा घातला. डावीकडे. पुन्हा उलटा. उजवीकडे. चारपाच वेळा केलं, मास्तर शांतपणे चष्मा पुसत होते.

"भांडण राहिलं वाटतं," ते म्हणाले.

"राहिलं," ठिणगी म्हणाली, आणि प्लेअर उचलून निघाली.

दादा खोकी बनवायच्या कारखान्यात होता. पुठ्ठा कापायच्या मशीनवर, अकरा वर्षं, एकाच जागी, मशीनच्या उजव्या अंगाला उभा. म्हणजे मशीन त्याच्या डाव्या हाताला. ते दर दोन सेकंदाला धाडकन आदळायचं. कारखान्याने कानात घालायला पिवळी बुचं दिली होती, ती दादाच्या कपाटात पाकिटासकट पडून होती. कारण पातं बोथट झालं की मशीनचा आवाज बदलतो, आणि तो बदल सगळ्यात आधी दादाला कळायचा. मालकसुद्धा पाहुण्यांना आणून दाखवायचा, हा बघा, आमचा माणूस पातं कानाने तपासतो. दादा त्या दिवशी घरी येऊन दोनदा जेवायचा.

प्लेअरचा नाद त्याला एका भंगारवाल्याने लावला. खिशात मावणारा, बोटाने फिरवायच्या चाकाचा, बंद पडलेला प्लेअर त्याने दादाला असाच दिला होता. दादाने तो उघडला आणि आठवडाभर झाकण लावलं नाही. त्याला शोध लागला की आत आवाज बनतो चांगला, पण बाहेर पडताना तिळाएवढ्या दोन कपॅसिटरमधून पडतो आणि तिथे त्याचा जाड भाग गळून जातो. कंपनीने जागा वाचवायला इतके बारके घातलेले. दादाने आतली फिरती डिस्क काढून तिच्या जागी मेमरी कार्ड बसवलं, आणि जी जागा मोकळी झाली तिथे पावट्याएवढे दोन कपॅसिटर कोंबले. मग त्याने आईला ऐकवलं. आई म्हणाली, "अरे, हे गाणं म्हणणारी बाई श्वास घेते." एवढं सर्टिफिकेट त्याला पुरलं. त्या दिवसापासून ओट्याशेजारचं टेबल त्याचं झालं. आईला भाजी मांडीवर चिरावी लागायला लागली.

मीटर होतं त्याच्याकडे. पण ते तार जोडलीय की तुटलीय एवढं बघायला. आवाज मोजायचा म्हटलं की विचारायचा, "मीटरला कान असतात का?" शेवटची परीक्षा कानानेच. डोळे मिटायचे, लाल दोरा डावीकडे, आणि तोच मास्तरांकडून आणलेला पियानोचा सूर किंवा तोच ढोलाचा तुकडा.

आणि नऊ महिन्यांपूर्वी त्याला आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध लागला होता. या मॉडेलची उजवी बाजू आगाऊ आहे. कंपनी मुद्दाम उजवीकडे आवाज जास्त सोडते, लोकांना भारी वाटावं म्हणून. त्याने उजव्या तारेवर एक छोटा रेझिस्टर बसवायला सुरुवात केली. रेझिस्टर आवाज थोडा अडवतो. दादाने त्याचं नाव ठेवलं लगाम. लगाम लावलेले प्लेअर आतापर्यंत तेवीस झाले होते. ठिणगीने ते घरोघर पोचवले होते, आणि प्रत्येक दारात सांगितलं होतं, कंपनीला जे कळलं नाही ते आमच्या दादाला कळलं.

शाळा तिने नववीत सोडली तेव्हा सगळं घर तिच्यावर तुटून पडलं होतं. एकटा दादा म्हणाला होता, "तिला नाही जमत तर नाही जमत, गळा दाबता का पोरीचा?" त्यानंतर दादाबद्दल कुणी वाकडं बोललं की ठिणगी त्याला उभा जाळायची. नाव काय उगाच पडलेलं नव्हतं.

म्हणून घरी येईपर्यंत तिने स्वतःला पटवून दिलं होतं की हात चुकला असेल. लगाम चुकीचा बसला असेल. माणूस आहे.

सुट्टीचा दिवस होता. दादा टेबलाशी बसून तारांना कथलाचा डाग देत होता, आई मांडीवर भाजी घेऊन पंख्याखाली. ठिणगी त्याच्या डावीकडून आत आली आणि म्हणाली, "दादा, मास्तरांचा चुकलाय."

त्याने मान वर केली नाही.

"दादा."

"कापूस घालून बसतो मेला हल्ली," आई म्हणाली. "दहा हाका मारा, एक ऐकतो. वर मलाच म्हणतो तू पुटपुटतेस."

ठिणगी टेबलाच्या पलीकडे गेली, तेव्हा त्याला दिसली. औषधवालीला मळ काढायला सांगितल्यासकट सगळं ऐकून तो हसला. "लगाम बरोबर आहे. वहीत लिहिलाय. मास्तरांना पियानोचे डावे सूर आवडत असतील."

"मी ऐकलं ना पण. डावीकडेच येतो."

"तू ऐकलंस." त्याने डोक्याला हात लावला. "ये, बस इथे. हा बघ, नवा आलाय, अजून हातसुद्धा लावला नाही. कंपनीतून आला तसा. यात उजवी बाजू कशी अंगावर येते ते ऐक, म्हणजे लगाम का लागतो ते कळेल." त्याने मास्तरांचाच तो सूर त्यात भरून लावला आणि हेडफोन तिच्या डोक्यावर नीट बसवला. लाल दोरा डावीकडे.

सूर मधोमध होता.

"उजवीकडे आहे की नाही?"

"नाही. मध्ये आहे."

"मध्ये म्हणजे कुठे? बोट लाव."

ठिणगीने दोन भुवयांच्या मधे बोट लावलं. दादाने तिच्याकडे असं पाहिलं जणू तिने गुडघ्याला बोट लावलंय. हेडफोन काढून घेतला, स्वतः घातला, डोळे मिटले.

"तू लाव बोट," ठिणगी म्हणाली.

त्याने बोट उचललं आणि उजव्या कानाच्या वर, जिथे केस सुरू होतात, तिथे टेकवलं. अजिबात न अडखळता. जसं कुणी स्वतःच्या घराचं दार दाखवावं.

आईची सुरी थांबली.

ठिणगीला एकदम मास्तर आठवले आणि पुढचं वाक्य आपल्या तोंडून बाहेर पडू नये असं वाटलं. पण ते पडलंच. "दादा, उलटा घाल."

"काय घाल?"

"उलटा. एकदाच. माझ्यासाठी."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"घाल ना रे." तिचा आवाज चिरकला, आणि त्यानेच बहुधा दादा घाबरला. त्याने हेडफोन काढला, लाल दोऱ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो उजवीकडे घेऊन घातला. डोळे मिटले. बोट वर उचललं.

बोट तिथेच गेलं. उजव्या कानाच्या वर. त्याच जागी.

तो तसाच बसून राहिला, बोट डोक्याला लावून. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. मास्तरांना जे माहीत होतं ते त्यालाही माहीत होतं, दुसऱ्यांच्या मशीनबद्दल. तार बदलून बघायची, पिन बदलून बघायची, हेडफोन बदलून बघायचा, हे सगळं त्याने केलं होतं. फक्त डोकं फिरवून बघितलं नव्हतं, कारण डोकं हे दोषाचं ठिकाण आहे असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"पुन्हा," तो म्हणाला, आणि पुन्हा सुलटा घातला. पुन्हा उलटा. बोट एक इंचही हललं नाही.

"काय झालं रे?" आईने विचारलं.

ठिणगीने वही ओढली. नुसतं काहीतरी करायला म्हणून. दर प्लेअरला एक ओळ होती, तारीख आणि लगामाचा आकडा, ओहममध्ये. तिला ओहम म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं, पण वाढत जाणारा आकडा ओळखायला शाळा लागत नाही. दहा. दहा. पंधरा. पंधरा. बावीस. पुढे सत्तावीस. मास्तरांचा, शेवटचा, तेहेतीस. कडेला दादाच्या अक्षरात लिहिलेलं, 'कंपनी दिवसेंदिवस बिघडतेय.'

ती त्या ओळीकडे बघतच राहिली. नऊ महिने, महिन्यामागून महिना, दादाने स्वतःचा डावा कान जाताना इतका नीट लिहून ठेवला होता की डॉक्टरलासुद्धा जमलं नसतं. आणि तिने तेवीस दारांत जाऊन ते मिरवलं होतं. औषधवाल्या बाईला मळ काढायला सांगितलं होतं. घरातल्या घरात, याच टेबलाशी, डावीकडून हाका मारून मारून, उत्तर देत नाही म्हणून त्याला माजलास का असं विचारलं होतं, आणि दोन दिवस अबोला धरला होता. त्याला तो अबोलासुद्धा कळला नसेल कदाचित.

"मला दाखव," दादा म्हणाला. तिने वही मिटली. त्याने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि बोट ठेवून वरून खालपर्यंत वाचली. तेहेतीसवर आल्यावर तो कोरडं हसला. "बरं झालं कंपनीला पत्र नाही टाकलं."



"तुला माहीत नव्हतं?" आईचा आवाज बारीक झाला होता. "अरे, तुझा कान तुला माहीत नव्हता?"

"नाही," तो म्हणाला. "मला वाटलं जग पुटपुटतंय."

आई उठली, तिच्या मांडीवरची भाजी फरशीवर सांडली आणि ती भाजीतच उभी राहिली. उद्या कामावर जायचं नाही, आधी डॉक्टर, असं म्हणाली. दादाने होकाराची मान हलवली. तो कधीच इतक्या लवकर मान हलवत नसे. मग त्याने मास्तरांचा प्लेअर पुढ्यात घेतला आणि झाकण उघडलं.

"आत्ता?" ठिणगी म्हणाली. "राहू दे रे."

"लोकांच्या कानात माझा कान बसवून आलोय मी. तेवीस जणांच्या."

त्याने लगामाखाली डाग द्यायची तापलेली सळई टेकवली. डाग वितळला, इवलासा रेझिस्टर चिमट्यात आला. हात नेहमीच्याच सफाईने चालला आणि ठिणगीला तेच बघवेना. त्याने तार सरळ जोडली. आणि मग त्याने ते केलं जे त्याने कधीही केलं नव्हतं, मीटर उचललं, आवाजाच्या आकड्यावर फिरवलं आणि दोन्ही बाजू मोजल्या. आकडे सारखे आले. तरी तो तसाच बसून होता. आकड्यांवर त्याचा विश्वास बसत नव्हता, आणि ज्याच्यावर बसायचा तो कान आता साक्षीला चालत नव्हता.

त्याने हेडफोन ठिणगीपुढे धरला. "तू ऐक."

"मी? मला ढोल आणि डबा यातला फरक कळत नाही, तूच म्हणतोस."

"ऐक."

तिने घातला. त्याने सूर लावला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत बसला, डोळे न मिटता, वर्गात बाई पेपर वाटताना पोरं बघतात तसा.

"मध्ये आहे?"

"मध्ये आहे."

"नक्की? जरा उजवीकडे नाही?"

"नाही दादा. मधोमध."

ती थांबली. आता तो म्हणणार, तुला काय कळतं, आण इकडे. आता हेडफोन डोक्यावरून उपटणार. तिने मान थोडी पुढेसुद्धा केली, उपटायला सोपं जावं म्हणून. शिव्या घालाव्यात, भांडावं, काहीही.

"बरं," दादा म्हणाला. त्याने झाकण बसवलं, चारही स्क्रू पिळले आणि वहीत तेहेतीसवर काट मारली. "पहिली तक्रार कुणाची होती? ती औषधवाली ना? जा, घेऊन ये. आणि मळाबद्दल काय बोलली होतीस ते आधी परत घे."

ठिणगी दारापर्यंत गेली. तिथून मागे वळून काहीतरी बोलली, तिलाच आठवत नाही काय. दादा पुढचं पान उलटत होता, त्याची डावी बाजू तिच्याकडे होती.