गिलाव्याखालचं दार

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावातलं लुथेरन चर्च उघड्या काँक्रीटचं आहे. मनोरा नाही, दुमडलेल्या पुठ्ठ्यासारखं छप्पर. परदेशी मिशनच्या वास्तुकाराला ते तसंच हवं होतं. गावाला मात्र कायम वाटत आलं की गिलावा नाही, म्हणजे साहेब काम अर्धं टाकून गेला.

यंदा मंडळीनं गिलावा करायचं ठरवलं. काम रायसिंग गवंड्याला दिलं. वर्षातले सात-आठ महिने तो सुरतेत बिल्डिंगींवर असतो.

त्याचा बाप गुलाबसिंग या चर्चच्या बांधकामावर मजूर होता. वेदीमागच्या भिंतीच्या साच्याला फळ्या कमी पडल्या, तेव्हा त्यानं डोंगरातल्या आपल्या घराचं सागवानी दार उखडून आणलं. काँक्रीटवर त्या दाराचा ठसा उमटला. लाकडाच्या रेषा, एक चीर, आणि कडीच्या भोकात सिमेंट शिरून झालेला अंगठ्याएवढा उंचवटा. पुढे घर धरणाच्या पाण्यात गेलं. बापही गेला. फोटो कुणाचाच नव्हता.

गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा धरत नाही. आधी छिन्नीनं टाचे मारावे लागतात. रायसिंगनं तीन भिंतींना मारले. चौथीपाशी, वेदीमागच्या भिंतीपाशी, तो विडी ओढत बसला.

मंडळीचे पुढारी पितांबरआप्पा आले. "काय रे, बसी ऱ्हायना? देवना घरले कपडा नही, आन् आपुन नवा घालीसन येतस."

"करतो, आप्पा."

"तो टेंगूळ पहिले तोडी टाक."

"हो."

आप्पा गेल्यावर रायसिंगची बायको रेवाबाई माल कालवता कालवता म्हणाली, "नको करू ही भिंत. सांग त्यांना, सासऱ्याचं दार आहे."

"दार कुठं आहे? सिमेंट आहे."

"मग मार टाचे."

त्यानं छिन्नी उंचवट्यावर टेकवली. हातोडा उचलला. काही वाटेल म्हणून थोडा थांबला. काही वाटलं नाही. त्यानं छिन्नी खाली ठेवली आणि टाचे न मारताच, उंचवटाही न तोडता, नुसतं पाणी मारून, जाड गिलावा चढवला.

"पडेल हे," रेवाबाई म्हणाली.

"पडेल."

"लोक म्हणतील, गवंडी कच्चा."

रायसिंगनं ओल्या गिलाव्यावर गवंड्याचा रंधा फिरवला. भिंत इतर तीन भिंतींसारखी सपाट झाली. रविवारी आप्पांनी तिच्यावरून हात फिरवला आणि सगळ्यांदेखत त्याला शाबासकी दिली. रायसिंगनं मान हलवली. सोमवारी नवराबायको सुरतेच्या गाडीत बसले.