बत्तीघराची ठेव

हे नारायणा, उजेडात तुला कोणीही ओळखील. पण पृथ्वीच्या पोटात, जिथे सूर्याचा हात पोचत नाही, तिथेही तू माणसाच्या कपाळावरचा दिवा होऊन चालतोस. त्या रूपाला आधी दंडवत, आणि मग त्या दिव्यांची राखण करणाऱ्या एका साध्या माणसाची ही कथा.

त्याचे नाव हेमराज. चिखल्याच्या पट्ट्यातल्या एका मँगनीज खाणीत तो बत्तीघर सांभाळी. खिडकीतून टोपीचा दिवा द्यायचा, बदल्यात कामगाराचा पितळी बिल्ला घेऊन फळ्यावरच्या खिळ्याला अडकवायचा, वहीत वेळ लिहायची. माणूस वर आला की दिवा आत, बिल्ला बाहेर. फळ्यावर बिल्ला लटकतो आहे, याचा अर्थ त्या नंबरचा माणूस अजून जमिनीखाली आहे. मोबाइल खाली नेता येत नसे. म्हणून तेही हेमराजच्याच खणांत ठेवलेले असत. कुलूप नव्हते. हेमराज होता, तेवढे पुरे होते.

त्याच्या डाव्या हाताला दोन बोटे नव्हती. वीस वर्षांपूर्वी तो स्वतः खाली काम करीत असे. बाप गेल्याची बातमी कोणीतरी खाणीतल्या तारेच्या फोनवरून खाली कळवली. डोळ्यांपुढे बाप आणि हातात खनिज वाहणाऱ्या डब्यांची साखळी, हात चुकला. बत्तीघरात आल्यावर त्याने एक नेम धरला आणि हळूहळू सगळ्या खाणीने तो मानला: वाईट बातमी खाली जायची नाही. ती खिडकीशी थांबेल. माणूस वर येईल, दिवा काढील, पाणी पिईल, मग त्याला सांगायचे.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. पहिली पाळी सहाला खाली उतरली. तिच्यात अमर होता, सव्वीस वर्षांचा, हसरा. बपेरा गावच्या कृष्णरावांच्या दामिनीशी त्याचे साक्षगंध झाले होते, धान निघाले की लग्न. बिल्ला दोनशे चौदा खिळ्याला लागला आणि फोन खणात गेला.

नऊच्या सुमारास वरच्या वीजविभागातला मंगेश खिडकीशी आला. मोबाइलवर लोकांची फजिती दाखवणारे व्हिडिओ बनवण्याचा त्याला भारी नाद.

"काकाजी, अमरचा फोन द्या न जरा. त्याच्या आधारचा फोटो पायजे, साहेब मांगून राहिले."

"त्याले इचारलं का?"

"तो खाली हाये, कसा इचारू? तुमी बी लय कायदे दाखवता बाप्पा!"

हेमराजने फोन दिला. ज्या हाताने वीस वर्षे एक दिवा चुकवला नाही, त्या हाताने दिला.

मंगेशला अमरच्या फोनचे कुलूप उघडता येत होते; एकत्र डबा खाताना त्याने ते पाहून ठेवले होते. त्याने सोयऱ्यांच्या ग्रुपवर एक अश्लील चित्रफीत टाकली, वर झेंडूच्या तोरणाचे चित्र आणि ओळ: "लग्नाची तयारी". मग आपल्या फोनवर गंमत टिपत बसला. दहा मिनिटांत पुसून टाकू, असा त्याचा हिशेब. पण पुसताना घाईत बोट चुकले, 'सगळ्यांसाठी'ऐवजी 'माझ्यासाठी' दाबले गेले. अमरच्या फोनवरून ती गेली; दीडशे माणसांच्या फोनवर तशीच राहिली.

अमरचा फोन वाजू लागला. थांबेच ना. पडद्यावर नाव: कृष्णराव मामाजी.

मंगेश धावत खिडकीशी आला. त्याने सगळे सांगितले, आणि वर म्हणाला, "तारेच्या फोनवरून खाली लावतो काकाजी. अमरले सांगतो, वर आल्यावर म्हण का चुकून गेला."

"हात नोको लावू त्या फोनले." हेमराजचा आवाज इतका बारीक झाला की मंगेश जागीच थांबला. "डोक्यावर दगडाचं छत हाये त्याच्या. आता त्याचं मन हालवशीन, तं वर कोन येईन?"

"गंमत केली व्हती जी..."

"गंमत! अन् त्या व्हिडिओतल्या बाईले तू इचारलं व्हतं? तिले मालूम तरी हाये का, तिले कोनाच्या घरात नेऊन टाकलं तं?"

मंगेश कुजबुजला, "काकाजी, रिटायर व्हाले तुमचे चारच वर्सं राहिले. फोन तुमच्या ताब्यातून गेला. बोललो तं दोघंई जाऊ. चूप रायलं तं... अमरचाच फोन हाये, अमरनंच टाकला म्हनतीन."

हे तर हेमराजलाही कळत होते. फळ्यावर दोनशे चौदा लटकत होता.

अकराच्या पुढे बत्तीघरासमोरच्या फाटकाशी मोटरसायकल थांबली. कृष्णराव आणि मागे दामिनी. कृष्णरावांच्या हातात कापडाची गाठोडी होती: साक्षगंधाचे लुगडे आणि अंगठी. परत करायला आणली होती. ते ओरडत नव्हते, आणि तेच भयंकर होते.

"माही माय पूजेतून उठली, भाऊ. जावयाचा फोटो असन म्हून उघडलं तिनं. तवापासून तिनं पानी नाई घेतलं. कुठं हाये तो?"

हेमराजने वही काढली. असे पाऊल टाकण्यापूर्वी माणूस किती डोंगर चढतो, हे फक्त तू जाणतोस, नारायणा. अमरला सोडवणारा कागद तोच, आणि त्याला स्वतःला बांधणाराही तोच. त्याने फाटकाशी जाऊन पान उघडले.

"पाहा पाटील. दोनशे चौदा. पाच पंचावन्नले खाली गेला. अजून वर नाई आला. व्हिडिओ आला नऊ वाजून वीसले. त्या वेळी फोन माह्या ताब्यात व्हता. मी दिला दुसऱ्याले. दोष माहा हाये, पोराचा नाई."

"वही तुमीच लिवता न? आपल्या पोराले वाचवाले लिवली असन."

तेव्हा दामिनी पुढे झाली. तिने आपला फोन बापापुढे धरला. रोज पहाटे एक ओळ: उतरून राहिलो. रोज दुपारी दुसरी: वर आलो. आजची एकच होती, पाच बावन्नची.

"घरापासून सांगून राहिली बाबा, तुमी आयकलं नाई. खालून फोन लागते का कोनाचा?"

कृष्णरावांनी बोटाने सरकवून मागच्या दिवसांच्या ओळीही वाचल्या. गाठोडी त्यांनी खाली ठेवली नाही, पण पुढेही केली नाही. "अन् दीडशे लोकाईनं पायलं, त्याचं?"

हेमराजने त्यांच्याच फोनवरून त्या ग्रुपवर आपला आवाज भरला. आपले नाव, आपले काम, आपली चूक. मागे मंगेशही येऊन उभा राहिला. व्हिडिओ आपणच टाकला, हे त्यालाही बोलावे लागले.

दोनला माणसांची ने-आण करणारा पिंजरा वर आला. अमरने दिवा काढला, पाणी प्याला. मग हेमराजने त्याचा फोन हाती देत सगळे सांगितले, एकही शब्द न वगळता. अमरच्या मुठी आवळल्या. मंगेश भिंतीला टेकला. फाटकाशी उभी असलेली दामिनी अमरला अजून दिसली नव्हती. त्याने फोनवर रोजचीच ओळ लिहिली: वर आलो. फाटकाशी एक फोन किणकिणला, आणि त्याने मान वर केली.

कृष्णरावांनी गाठोडी मोटरसायकलच्या डिकीत परत ठेवली. म्हातारीने संध्याकाळी पाणी घेतले.

मंगेशला पोलिसांनी बोलावले. असले चित्र पसरवणाऱ्याचे कारण हसण्याचे होते की रडवण्याचे, हे कायदा विचारीत नाही. हेमराजचे महिनाभर निलंबन झाले. घरी त्याची बायको शेवंताबाई हिने भाताची थाळी पुढे केली आणि म्हणाली, "झालं तं झालं. उद्या मान वर करून पान खाले तं जाशान चौकात." महिन्यानंतर तो परतला, तेव्हा पहिला बिल्ला अमरने दिला, आणि त्यासोबत फोनही. हेमराजने तो दोन्ही हातांनी घेतला.

आई चौंडेश्वरी, या मुलखाची तू देवी, या माणसाच्या खिडकीवर तुझी सावली असू दे. त्याच्या फळ्यावर संध्याकाळी एकही बिल्ला उरू देऊ नकोस. शेवंताबाईची चूल पेटती ठेव, अमर-दामिनीच्या घरात दुपारची ती ओळ रोज पोचू दे. आणि ज्याने चूक केली त्या मंगेशच्या उंबऱ्यावरूनही, माते, रिकाम्या हाताने जाऊ नकोस.