चक्क्यात साखर

माझे टिक्के भाजणारे कारागीर रफिकभाई, त्यांनी पातेल्यातून बोटभर चक्का चाटला आणि सिगडीपाशीच खाली बसले.

“दीदी, ये तो श्रीखंड है.”

मी म्हटलं, चेष्टा नको, पाहुणे दीड तासात येणार. मग मीही चाखलं. अरे देवा! गोड, वेलची, जायफळ, वर केशरसुद्धा.

मी शहरातल्या लोधीपुरा मोहल्ल्यातली केटरर. घरगुती ऑर्डर बऱ्याच केल्या होत्या, पण लग्नाची मोठी ऑर्डर अजून एकही नाही. जवळच्या शाहपुर गावच्या वसंतभाऊंच्या मुलीचा साखरपुडा होता. त्यांची केळीची बाग, घराच्या मागेच. मुलाकडची मंडळी ग्वाल्हेरची. वसंतभाऊंनी बजावलं होतं, “ताई, स्टार्टरला मलाई पनीर टिक्काच पाहिजे. तो त्यांना आवडला तर लग्नही तुमच्याकडे. नाहीतर त्यांचा केटरर तयारच बसलाय.”

हा पदार्थ दिसतो सोपा, पण सगळी मदार चक्क्यावर. पनीरला आधी मीठ, लिंबू, आलं-लसूण लावायचं. मग चक्का, साय, काजूची पेस्ट, पांढरी मिरी यांचा घट्ट थर द्यायचा. त्याला आम्ही सेकंड मॅरिनेशन म्हणतो. दह्यात पाणी राहिलं तर थर सळईवरून घसरतो, निखारे विझतात आणि पनीर उघडं पडतं. म्हणून मी पहाटेच दही फडक्यात बांधून त्यांच्या पडवीत टांगलं होतं.

“कोणी हात लावला याला?” मी ओरडलेच.

वसंतभाऊंच्या मोठ्या बहीण, आक्का, पदराला हात पुसत पुढे आल्या. चेहरा नुसता फुललेला.

“मी घोटलं गं! एवढा चक्का टांगलेला, घरात साखरपुडा, आन श्रीखंडाचं कोणी नावच घेईना. म्हटलं पोरगी कामाच्या धबडग्यात विसरली. पुरणयंत्रातून काढलं सगळं. कसं झालं?”

दुसरं कोणी असतं तर मी सोलून काढलं असतं. मी दात आवळून एवढंच म्हटलं, “आक्का, तो पनीरला लावायचा होता.”

“पनीरला चक्का?” आक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांना कळलं. डोळे भरून आले. “माझ्यामुळं पोरीच्या सासरी नाक कापलं जाणार का गं?”

माझा राग तिथेच विरघळला. पण वेळ थोडीच विरघळते! नवं दही टांगायचं तर चार-पाच तास. रफिकभाई म्हणाले, “नुसत्या मलाईवर टिकणार नाही. कुछ चिपकनेवाली चीज चाहिये.”

आक्कांनी डोळे पुसले. “चिकटायला पाहिजे ना? मग कच्चं केळं उकडून घाला. उपासाच्या पॅटिसला मी तेच घालते, तळताना कधी सुटत नाही.”

रफिकभाईंनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. दुसरा इलाज तरी कुठे होता?

आक्का स्वतः बागेत जाऊन घड घेऊन आल्या. केळी कुकरमध्ये उकडली, सोलून लगेच लिंबाच्या पाण्यात टाकली, नाहीतर काळी पडतात. मग त्याच पुरणयंत्रातून काढली. साय, काजू, मिरची, मिरी घातली. पहिली सळई भाजली, तर थर कणकेसारखा जाड. मी कपाळाला हात लावला. रफिकभाईंनी आणखी साय ओतली, लिंबू पिळलं. दुसरी सळई निखाऱ्यावर गेली. थर जागचा हलला नाही, कडेला सोनेरी ठिपके आले. चाखला आणि मी भर अंगणात टाळी वाजवली. इतका मऊ टिक्का मी चक्क्याचाही कधी खाल्ला नव्हता!

पाहुणे आले. पहिली खेप संपली, दुसरी संपली, तिसरीला लोक सिगडीपाशीच येऊन उभे राहिले. मुलाच्या मावशींनी प्लेट पुढे करत विचारलं, “भाईसाहब, इतनी बढ़िया मलाई कौन-सी डेयरी की है?”

वसंतभाऊंना काहीच माहीत नव्हतं. ते माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात आक्काच म्हणाल्या, “डेअरी नाही जी, हमारे बाग की है!”

मग सगळं सांगावंच लागलं. मंडळी हसून हसून बेजार. जेवणात पुऱ्यांबरोबर श्रीखंड वाढलं, तेही पुरलं नाही. निघताना मावशींनी वसंतभाऊंना सांगितलं, “शादी में यही दोनों चीज़ें चाहिये.” ऑर्डर पक्की झाली. मी आक्कांना मिठीच मारली.

त्या दिवसापासून मी प्रत्येक पातेल्यावर चिठ्ठी लावते. पण चिठ्ठी सगळेच वाचतात असं नाही, म्हणून लग्नात टांगलेल्या चक्क्याजवळ राखणीला माणूस ठेवलं.

आक्कांनाच बसवलं.