निळ्या रंगाने धरलेला पंखा

विहारात सगळ्यांसमोर आपल्या लेकीचं, एकताचं हसं होईल, ही धास्ती मनीषाताईंच्या मनातून काही केल्या जात नव्हती. बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती, आणि विहाराचा पितळी पात्यांचा जुना पंखा मदन महल भागातल्या त्यांच्या घरात सुटा होऊन पडला होता.

त्यांच्या एकताने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, नोकरी धरली, सोडली, आणि ती जुने पंखे दुरुस्त करायला लागली. शहरातले शौकीन तिचं नाव काढत घर शोधत येतात. पण आपल्या समाजाचं काम हे पहिलंच. विहारात बायका एका बाजूला बसतात, पुरुष दुसऱ्या. हा पंखा मान फिरवून दोघांनाही वारा द्यायचा. ती मान अडकली म्हणून समितीच्या दयारामकाकांनी तो तिच्या हवाली केला.

दरवर्षी जयंतीआधी भिंतींसोबत पंख्यालाही निळा रंग लागायचा, थरावर थर. एकताने तो खरवडला आणि मानेमागची गिअरची पेटी बिस्किटासारखी हातात भुरभुरली. पेटीचं जस्त आतून केव्हाच सडलं होतं. तुकडे धरून ठेवले होते ते रंगानेच.

"आता गं?" मनीषाताईंनी विचारलं.

"आता नवी पेटी ओतायची. तू टेन्शन काहून घेऊन राहिली?"

तिने तुकडे जुळवले, त्याच मापाची ॲल्युमिनियमची पेटी ओतून आणली. गिअर आत खुळखुळले. नेमके तेव्हाच दयारामकाका आले.

"राहू दे बेटा. नवाच घेतो."

"काका, बस दो दिन! सडताना पेटी फुगली होती, अन् मी फुगलेलंच माप घेतलं. गिअर थोडेच फुगलेत? आता त्यांच्यावरून घेते."

काका हसून 'बरं' म्हणाले. फाटकापाशी मनीषाताई हळूच म्हणाल्या, "परवा सकाळी नवा आणूनच टाका, काका."

त्या परवाच्या सकाळी एकताने गिअरच्या मापाने पुन्हा ओतलेली पेटी बसवून बटण दाबलं. पंखा घुमला, वेग धरला, सावकाश वळला, मनीषाताईंचा पदर उडवला आणि परत लेकीकडे फिरला.

"बघ, दोन्हीकडे."

मनीषाताईंनी मोबाइल उचलला.

"कोणाला लावून राहिली?"

"दयारामकाकांना. दुकानात पोचायच्या आत अडवते."